मायक्रोअँपिअर दिसले पाहिजेत

कमी विजेवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे उपकरणाच्या पोटात बसून ते चालवणाऱ्या एका चिपच्या छोट्या संगणकासाठी, साधने निवडायला बसले की बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. बोर्ड स्वस्त कोणता, सॉफ्टवेअर फुकट कोणते, व्हिडिओ कोणत्या भाषेत आहेत आणि पहिला दिवा किती लवकर लुकलुकेल, एवढ्यावर खरेदी उरकते. या प्रश्नांत गैर काही नाही. मात्र ज्या एका गुणासाठी ही चिप मुद्दाम घ्यायची, तो गुण यांच्यापैकी एकाही उत्तरात येत नाही. चिप किती वीज खाते हे डोळ्यांना दिसत नाही, आणि प्रोग्राम उधळ्या असला तरी दिवा व्यवस्थित लुकलुकतो. म्हणून माझे मत असे झाले आहे की या जातीच्या चिपांपुरती तरी कसोटी उलटी लावावी. ज्या साधनातून प्रवाह मोजता येतो ते आधी घ्यावे, आणि ज्या वाचनात चिपच्या निद्रेचा, म्हणजे काम नसताना बहुतेक भाग बंद ठेवण्याचा, विचार आधी येतो ते आधी वाचावे. सोपेपणाचे नंतर पाहता येते.

हा विचार नव्याने करावा लागला तो पुतणीमुळे. ती महाराजा सयाजीराव विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकते आणि तिला घरच्या उपयोगाचे काहीतरी करायचे होते. दांडियाबाजारातल्या आमच्या जुन्या घरात मधल्या खोलीत पोथ्यांचे सागवानी कपाट आहे. जून ते सप्टेंबर बडोद्याची हवा अशी दमट असते की पोथ्यांची पाने हाताला ओलसर लागतात आणि वेष्टनाच्या फडक्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. कपाटात तापमान आणि आर्द्रता तासातासाला टिपून ठेवणारी एखादी डबी ठेवली, तर कोणत्या आठवड्यात काळजी घ्यायची ते तरी कळेल, असा तिचा हिशेब. त्या खोलीत प्लग नाही, आणि असता तरी उपयोग नव्हता, कारण आईने आधीच बजावून ठेवले होते, "पोथ्यांच्या कपाटात वायर आलेली मला चालायची नाही." म्हणजे डबी बटन सेलवर चालायला हवी, आणि सबंध पावसाळाभर तिला कोणी हात लावायचा नाही.

"काका, अर्डुइनो घेऊ का? वर्गात सगळ्यांकडे तेच आहे," असे तिने विचारले. रावपुऱ्यातल्या दुकानदारानेही काउंटरवर तोच निळा बोर्ड ठेवला आणि म्हणाला, "बेन, आ लई जाव, बधा आ ज लई जाय छे." दोघांचेही चुकले असे म्हणता येणार नाही. अर्डुइनो ऊनोवरची एटमेगा३२८पी ही चिप स्वतः गाढ झोपेत मायक्रोअँपिअरच्या (अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या) अंशावर राहू शकते. पण बोर्डावर व्होल्टेज रेग्युलेटर आहे, यूएसबीची वेगळी चिप आहे, सतत जळणारा दिवा आहे, आणि ही सगळी मंडळी मिळून कित्येक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचे हजारावे भाग, घेतात. चिप झोपली तरी घर जागेच. शिवाय त्या बोर्डाच्या रचनेत चिपचा प्रवाह तेवढा वेगळा काढून मोजायला जागा ठेवलेली नाही, आणि माझा आक्षेप मुख्यतः यालाच आहे.

बटन सेलचा हिशेब कागदावर मांडला की निवड बरीचशी आपोआप होते. सीआर२०३२ या सर्वत्र मिळणाऱ्या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एमएसपी४३०जी२५५३ ही चिप २.२ व्होल्टवर आणि १ मेगाहर्ट्झवर जागी असताना २३० मायक्रोअँपिअर घेते, असे तिच्या डेटाशीटच्या, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाच्या, पहिल्याच पानावर लिहिलेले आहे. ती कायम जागी ठेवून रिकाम्या फेऱ्या मोजत बसवली, तर सेल चाळीस दिवसांत संपेल, म्हणजे आषाढही नीट पार पडणार नाही. तीच चिप एलपीएम३ या निद्रावस्थेत ३२ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर (ठरावीक गतीने कंप पावणाऱ्या स्फटिकावर) वेळ मोजत पडून राहिली, तर प्रवाह ०.७ मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो, आणि मग प्रश्न सेल किती पुरेल हा उरत नाही, सेल स्वतःच्या वयाने कधी मरेल एवढाच उरतो.

पुतणीला मात्र खरे नवल वाटले ते पुढच्या गणिताचे. समजा, चिप दर तासाला एकदा जागी झाली, सेन्सरसकट १ मिलिअँपिअर प्रवाहाने २० मिलिसेकंद काम केले आणि परत झोपली. हा खर्च तासावर पसरला तर सरासरी ०.००६ मायक्रोअँपिअरही भरत नाही, म्हणजे झोपेतल्या खर्चाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. प्रोग्राम दुप्पट वेगाने चालवला, चार ओळी वाचवल्या, तरी या यंत्राच्या आयुष्यात काडीचा फरक पडणार नाही. पण एक पिन मोकळी लोंबकळत राहिली आणि तिच्यातून दहा-वीस मायक्रोअँपिअर झिरपले, तर सगळे मुसळ केरात. थेंबथेंब गळणाऱ्या नळाने टाकी रिकामी व्हावी, तसा हा प्रकार आहे. तेव्हा जे साधन गळती दाखवत नाही ते या कामाला निरुपयोगी, मग ते कितीही सोपे असो.

एमएसपी४३० हे घराणे मुळात अशाच कामासाठी जन्माला आले. १९९०च्या दशकाच्या आरंभी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जर्मनीतल्या शाखेत त्याची जुळणी झाली, आणि पहिली गिऱ्हाइके होती मीटरवाली, म्हणजे पाण्याचे, गॅसचे, उष्णतेचे मीटर बनवणारी. मीटर तळघरात बसवला की वर्षानुवर्षे कोणी बॅटरी बदलायला जात नाही. त्यामुळे वेगापेक्षा झोप, आणि झोपेइतकीच त्वरित जाग, या दोन गोष्टींवर आखणी झाली. जी२५५३ निद्रेतून एका मायक्रोसेकंदाच्या आत उठते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची उपकरणे बनवण्यात माझी नोकरी गेली, आणि तिथे आमच्या टेबलावर ८०५१ जातीच्या चिपा होत्या. १२ मेगाहर्ट्झवर पंचवीस मिलिअँपिअरपर्यंत घेणाऱ्या त्या चिपांना पाच व्होल्टचा भक्कम पुरवठा असे, आणि प्रवाह किती जातो हे कोणी विचारत नसे. कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून आजही बहुधा हेच शिकवले जाते, आणि त्यात शिकणाऱ्याचा दोष नाही. भिंतीतून वीज येत असते तोवर झोपेचे महत्त्व कळायचे कारणच नसते.

आता बोर्ड. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१०मध्ये या घराण्यासाठी लाँचपॅड नावाचा छोटा तांबडा बोर्ड काढला आणि त्याची किंमत ४.३० डॉलर ठेवली. चिपच्या नावातला आकडा किमतीत आणण्याची ही गंमत कंपनीने मुद्दाम केली होती. माझ्या खणात त्या पिढीतला एक बोर्ड आहे. त्याच्या मधोमध पाच जम्परांची, म्हणजे दोन-दोन खुंट्या जोडणाऱ्या काढत्या-घालत्या टोप्यांची, एक रांग आहे. रांगेच्या एका बाजूला प्रोग्राम चढवणारा अर्धा भाग, दुसऱ्या बाजूला चिपचा अर्धा भाग. व्हीसीसी (चिपचा वीजपुरवठा) असे लिहिलेला जम्पर उपटून त्याच्या दोन खुंट्यांवर मल्टिमीटर लावला की चिपकडे जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जातो. बाकीचे चार जम्परही काढायचे, नाहीतर सिग्नलच्या तारांतून चोरवाटेने थोडी वीज इकडेतिकडे जाते आणि आकडा खोटा येतो. दिव्याचे जम्पर निराळे आहेत, तेही काढायचे. खुंट्यांच्या पाच जोड्यांची ही रांग माझ्या मते त्या बोर्डावरची सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे, आणि पुतणीला बोर्ड सुचवला तो या रांगेसाठी.

याच बोर्डाच्या नव्या आवृत्तीत, जी२ईटीमध्ये, एनर्जीट्रेस नावाची सोय आली आहे. तिच्यात बोर्डावरचा डीसी-डीसी कन्व्हर्टर चिपला विजेच्या ठरावीक पुड्या देतो आणि त्या पुड्या मोजून संगणकावर खर्चाचा आलेख काढला जातो. नवशिक्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे, कारण एका ओळीत बदल केला की आलेख लगेच खाली किंवा वर सरकलेला दिसतो. एक सावधगिरी तेवढी लागते. डीबगर (प्रोग्राम चढवणारा आणि तपासणारा भाग) चिपला जोडलेला असताना चिप खऱ्या अर्थाने झोपत नाही, तिचा काही भाग डीबगरशी बोलण्यासाठी जागाच असतो. म्हणून खरा आकडा हवा असेल तर प्रोग्राम मोकळा सोडून मग मोजायचा.

तरीही मी पुतणीला सुरुवात साध्या मल्टिमीटरवर करायला लावली, आणि इथे थोडे तपशिलात जावेसे वाटते, कारण हे कुठल्याच व्हिडिओत पाहिलेले नाही. दोन-चारशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर २०० मायक्रोअँपिअरची खूण असते. त्या खुणेवर मीटरच्या पोटात १ किलोओहमचा रोधक मालिकेत येतो. चिप झोपलेली असताना १ मायक्रोअँपिअर प्रवाहाने त्याच्यावर १ मिलिव्होल्ट पडतो, त्याने काही बिघडत नाही. पण चिप जागी होऊन १ मिलिअँपिअर मागते, त्या क्षणी त्याच रोधकावर १ व्होल्ट पडतो, आणि ३ व्होल्टच्या सेलमधून चिपला दोनच मिळतात. आणखी थोडी मागणी झाली की चिप रीसेट होते, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते, पुन्हा मागते, पुन्हा रीसेट होते. मीटरवर मात्र एक शांत, स्थिर, पूर्णपणे निरर्थक आकडा दिसत राहतो. पुतणीने तो आकडा वहीत उतरवून घेतला आणि वर पाहिले. "काका, हा तर जागेपणीच्या आकड्याशीही जुळत नाही आणि झोपेतल्याशीही नाही." तिला शंका आली हेच पुष्कळ झाले. उपाय साधा आहे. मीटरच्या पुढे, चिपच्या बाजूला, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवायचा. जागेपणीच्या २० मिलिसेकंदांचा खर्च तो स्वतःच्या साठ्यातून भागवतो, त्याचे व्होल्टेज फार तर ०.२ व्होल्टने उतरते, आणि मीटर नंतर सावकाश ती भरपाई करतो. कपॅसिटरची स्वतःची गळतीही मीटरमध्ये धरली जाते, म्हणून ती आधी एकटी मोजून वजा करायची.

मीटरवर विश्वास नसेल तर दुसरी रीत आहे, आणि ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात मोजायला घड्याळ पुरते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत भरायचा, सेल काढून घ्यायचा आणि चिप त्या कपॅसिटरवर सोडून द्यायची. १ मायक्रोअँपिअरच्या खर्चाने १ व्होल्ट उतरायला १००० सेकंद, म्हणजे सुमारे सतरा मिनिटे लागतात. किती वेळात किती उतरला यावरून सरासरी प्रवाह निघतो, आणि त्यात जागेपणीचे लहानमोठे झटके आपोआप मिसळलेले असतात. फक्त व्होल्टमीटर लावून ठेवायचा नाही, क्षणभर टेकवायचा. स्वस्त मीटरचा अंतर्गत रोध १ मेगाओहम असतो आणि तो एकटाच ३ व्होल्टवर ३ मायक्रोअँपिअर पिऊन जातो. म्हणजे मोजणाराच मोजल्या जाणाऱ्यापेक्षा जास्त खातो.

सॉफ्टवेअरची निवड इतकी चुरशीची नाही, तेव्हा ती थोडक्यात सांगतो. प्रोग्राम लिहिण्यासाठीचा कंपनीचा कोड कंपोझर स्टुडिओ आज फुकट आहे. एके काळी त्याच्या फुकट आवृत्तीला १६ किलोबाइटची मर्यादा होती, आणि जी२५५३मध्ये फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी स्मृती) मुळातच १६ किलोबाइट असल्यामुळे ती कोणाला टोचायची नाही. तो अवजड आहे, जुन्या लॅपटॉपवर उघडायला वेळ घेतो, पण एनर्जीट्रेस त्यातून चालते, आणि यूएलपी ॲडव्हायझर नावाचा एक टीकाकार त्याच्यात बसलेला आहे. रिकाम्या फेऱ्यांऐवजी टायमर वापरा, झेंडा (काही घडल्याची खूण) तपासत बसण्यापेक्षा इंटरप्ट (घडताच चिपला हाक मारणारी सोय) लावा, न वापरलेल्या पिना मोकळ्या सोडू नका, असे तो कंपाइल करतानाच सुनावतो. आयएआर या कंपनीचा कंपायलर (प्रोग्रामचे चिपच्या सूचनांत रूपांतर करणारा) उत्तम, पण व्यावसायिकांच्या खिशाचा. २०१२मध्ये सुरू झालेले एनर्जिया हे अर्डुइनोच्या वळणाचे वातावरण पहिल्या संध्याकाळपुरते छान आहे. मात्र त्याच्या पडद्याआड कोणता टायमर चालू आहे आणि कोणते घड्याळ जागे आहे हे दिसत नाही, आणि आपल्याला नेमके तेच पाहायचे आहे.

पुतणीला मी जीसीसी हा कंपायलर आणि चिपवर प्रोग्राम चढवणारे एमएसपीडीबग ही जोडी दिली. दोन्ही मुक्त, दोन्ही हलकी, टर्मिनलमध्ये चालणारी. यात माझा थोडा पक्षपात आहे हे खरे, पण कारणही आहे. या सीपीयूच्या मूळ सूचना अवघ्या २७ आहेत आणि रजिस्टरे (सीपीयूचे आतले कप्पे) सोळा. कंपायलरने काय लिहून ठेवले ते उलगडून पाहिले, तर माणसाला ओळीमागून ओळ वाचता येते. झोपेची आज्ञा म्हणजे स्टेटस रजिस्टरमधल्या चार बिटांपैकी काही चढवणे, याहून अधिक काही नाही, हे तिने स्वतः त्या यादीत बोट ठेवून दाखवले तेव्हा निद्रावस्थांचे कोष्टक पाठ करायची गरजच उरली नाही.

राहिले शिकण्याचे साहित्य. या बाबतीत नवशिक्याची पहिली अडचण अशी होते की तो डेटाशीट उतरवून घेतो, त्यात रजिस्टरांची माहिती शोधतो आणि ती सापडत नाही. या घराण्याची कागदपत्रे तीन ठिकाणी वाटलेली आहेत. सबंध घराण्याला लागू असणारी यूजर गाइड सांगते की प्रत्येक विभाग कसा चालतो. आपल्या चिपची डेटाशीट सांगते की त्यातले कोणते विभाग तिच्यात आहेत, पिना कोणत्या आणि प्रवाह किती. आणि एराटा नावाची छोटी पत्रिका सांगते की पहिल्या दोघांनी सांगितलेले कुठे खरे ठरत नाही. तिसरी पत्रिका कोणी उघडत नाही. मी नोकरीत असताना नव्या मुलाची पारख यावरूनच करत असे, की त्याने ती आपणहून मागितली का.

यूजर गाइड सहाशेच्या वर पानांची आहे, आणि तिला घाबरून लोक व्हिडिओंकडे वळतात. व्हिडिओंच्या मालिका मी पुतणीबरोबर बसून पाहिल्या. शिकवणारे मन लावून शिकवतात, काहींचे बोलणे तर फार स्वच्छ आहे. पण बहुतेकांचा क्रम एकच. आधी दिवा लुकलुकवायचा, मग बटण वाचायचे, मग सिरियल पोर्ट, मग ॲनालॉग, आणि निद्रावस्था अगदी शेवटच्या भागात, वेळ उरला तर. आता त्याच यूजर गाइडची अनुक्रमणिका पाहा. पहिले प्रकरण प्रास्ताविक. दुसरे प्रकरण रीसेट, इंटरप्ट आणि कार्यावस्था, म्हणजे झोपायचे कसे आणि उठायचे कसे. सीपीयूचे प्रकरण त्याच्या नंतर, तिसरे. कंपनीने सीपीयूच्या आधी झोप शिकवली आहे, आणि व्हिडिओवाल्यांनी ती शेवटी टाकली आहे. न वापरलेल्या पिनांचे काय करायचे याचे कोष्टकसुद्धा त्याच दुसऱ्या प्रकरणात आहे. सहाशे पानांपैकी आरंभी एवढे एक प्रकरण, मग घड्याळाचे, मग टायमरचे, एवढे वाचले तरी आमच्या डबीचे काम भागते. ज्यांना सलग पुस्तक हवे असते त्यांच्यासाठी ग्लासगो विद्यापीठातल्या जॉन डेव्हिस यांचे २००८चे एमएसपी४३० वरचे पुस्तक आहे. त्यातल्या चिपा आता जुन्या झाल्या, समजावण्याची रीत झाली नाही.

मराठीत या विषयावर वाचायला जवळजवळ काही नाही, आणि बडोद्यात बसून हे लिहिताना ते जास्त जाणवते. पुतणीच्या विद्याशाखेचे मूळ असलेले कलाभवन सयाजीरावांनी १८९० साली काढले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख होते आणि यंत्रविद्या, रंगकाम, सुतारकाम असे विषय लोकांच्या भाषेतून शिकवायचे, हा त्या संस्थेमागचा विचार होता. दादासाहेब फाळकेही काही काळ तिथे शिकले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच परिसरातली मुलगी इंग्रजी यूजर गाइड वाचते आणि समासात मराठीत टिपणे काढते. तिच्या वहीत "टायमर भरला की इंटरप्ट येतो, आयएसआरमधून बाहेर पडताना झोपेचे बिट उतरव, नाहीतर परत झोपेल" अशी वाक्ये आहेत (आयएसआर म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारा प्रोग्रामचा तुकडा). मला ती कोणत्याही भाषांतरित क्रमिक पुस्तकापेक्षा बरी वाटतात, कारण ती कामाच्या जागी उभे राहून लिहिलेली आहेत. अशा वह्या कोणी छापत नाही, एवढेच.

जुन्या बोर्डाच्या डब्यात ३२.७६८ किलोहर्ट्झचे क्रिस्टल सुटे यायचे, ते आपण जोडायचे. चिपमध्ये साधारण १२ किलोहर्ट्झचे एक अंगभूत मंद घड्याळ आहे आणि ते आणखी कमी वीज खाते, त्यामुळे क्रिस्टलचा खटाटोप कशाला, असे पुतणीचे म्हणणे होते. पण ते अंगभूत घड्याळ तापमानाप्रमाणे आणि व्होल्टेजप्रमाणे हलते. दुपारच्या उकाड्यात त्याचा तास वेगळा आणि पावसाळी रात्री वेगळा. चांगल्या क्रिस्टलची चूक दिवसाला दोन सेकंदांच्या आत राहते, म्हणजे सगळ्या पावसाळ्यात फार तर चारेक मिनिटे. तेव्हा क्रिस्टल हवेच. ते तांदळाच्या दाण्याएवढे नळकांडे, केसासारखे दोन पाय, आणि बोर्डावर त्यांच्यासाठी दोन टिकल्या. तिने सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक बारीक लावले, फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लावायचा चिकट पदार्थ) जरा सढळ हाताने टाकला, जोड चकचकीत आले, आणि घड्याळ सुरूच होईना. घड्याळ बिघडल्याचा झेंडा पुन्हा पुन्हा वर येई. जोडांमधल्या उरलेल्या फ्लक्सवर दमट हवेत ओल धरते आणि त्या दोन पायांमध्ये वीज झिरपू लागते. इतक्या दुबळ्या कंपनांना तेवढे अडथळेही पुरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने तिने जागा घासून काढली, पंख्याखाली वाळवली, आणि झेंडा खाली आला.

सेन्सरच्या बाबतीत दुकानात सहज मिळणारा डीएचटी११ बाद करावा लागला. त्याला किमान ३ व्होल्ट लागतात, आणि बटन सेल थोडा उतरला की तो त्याच्या कामाचा राहत नाही. त्याऐवजी एसएचटी३१ घेतला, जो २.१५ व्होल्टपर्यंत चालतो, रिकामा असताना मायक्रोअँपिअरच्या अंशावर बसतो आणि पंधरा-सोळा मिलिसेकंदांत एक मोजणी उरकतो. तो छोट्या पट्टीवर बसवलेला येतो, आणि अशा काही पट्ट्यांवर वीज आहे हे दाखवणारा दिवा असतो. १ मिलिअँपिअर खाणारा तो दिवा एकटाच आमचा सेल नऊ दिवसांत संपवील. असा दिवा दिसला की आधी इस्त्रीने उपटून टाकायचा, मग पट्टीला चाचणीला घ्यायचे.

नोंदी कुठे साठवायच्या यावर आमचे बराच वेळ वाजले. पुतणीचा कल एफआरएएम (फ्लॅशसारखीच टिकणारी, पण लिहायला सोपी स्मृती) असलेल्या नव्या चिपांकडे होता, आणि तिचे मुद्दे पक्के होते. फ्लॅशमध्ये लिहायला जी२५५३ला निदान २.२ व्होल्ट लागतात, पुसायचे तर ५१२ बाइटांचा सबंध खंड पुसावा लागतो, आणि असे पुसणे ठरावीक वेळाच सहन होते. एफआरएएममध्ये पुसण्याची भानगड नाही, १.८ व्होल्टवरही लिहिता येते आणि लिहिण्याच्या वेळा व्यवहारात मोजण्याची गरज पडत नाही. माझा एकच मुद्दा होता. जी२५५३ वीस पायांच्या जुन्या डिप आकारात मिळते, लाँचपॅडच्या सॉकेटातून उपटून ती व्हेरोबोर्डवर, म्हणजे भोकांच्या साध्या पाटीवर, बसवता येते. तिला आवडलेली एफआर२४३३ पायच नसलेल्या चौकोनी आकारात येते आणि घरच्या इस्त्रीने ती जोडणे म्हणजे दिव्य आहे. शेवटी या पावसाळ्यापुरती जी२५५३ ठरली. व्होल्टेजची अडचण तिने चिपच्याच एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) सोडवली, कारण त्याला पुरवठ्याचा अर्धा भाग मोजण्याची आतली वाट आहे, सेल २.३ व्होल्टच्या खाली गेला की डबी लिहिणे थांबवते. कारखान्यात घड्याळाचे जे अचूक आकडे भरून येतात ते इन्फर्मेशन फ्लॅशच्या ए खंडात असतात, म्हणून त्या खंडाला हात लावायचा नाही, असे तिने वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.

दर तासाला तापमानाचे दोन आणि आर्द्रतेचे दोन असे चार बाइट, म्हणजे दिवसाला ९६. फ्लॅशपैकी १२ किलोबाइट नोंदींना दिले तर १२८ दिवस बसतात, आणि जून ते सप्टेंबरचे दिवस १२२. पुतणीला प्रत्येक नोंदीबरोबर सेलचे व्होल्टेजही हवे होते, पण नोंद सहा बाइटांची झाली की हिशेब ८५ दिवसांवर येतो आणि भाद्रपद कोरा जातो. मग व्होल्टेज दिवसातून एकदाच, मध्यरात्रीच्या नोंदीबरोबर टिपायचे ठरले; दिवसाचे ९८ बाइट, एकूण १२५ दिवस. प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट उरतात. त्यात पूर्ण प्रिंटएफ (आकडे वाचता येतील असे छापणारा सी भाषेतला तयार भाग) ठेवायला जागा नाही, म्हणून नोंदी बाहेर काढताना आकडे कच्चेच बाहेर येतील आणि टक्के व अंश लॅपटॉपवर काढले जातील.